म्हसोबापाशी उतरायचं

मित्रांनो, माझं वय माझ्या आवाजावरून ओळखा. पायडल मारलं की चेनकव्हर एका ठिकाणी घासतं आणि दर फेरीला 'खर्र' होतं. काळी, उंच, मधे आडवी नळी असलेली मी सायकल. एके काळी पुण्याचे रस्ते माझ्यासारख्यांनीच भरलेले असत. आता मी सोलापूर रस्त्यालगतच्या एका घरात जिन्याखाली उभी असते. उभं राहणं मला जमत नाही. स्टँडवर असले की मागचं चाक जमिनीपासून वर राहतं आणि दारातून वारा आला की आपोआप थोडं फिरतं. जायचं कुठेच नसतं, तरी फिरतं.

माझे भाग तयार झाले लुधियानात. नळ्या, आरे, घंटी वेगवेगळ्या खोक्यांतून पुण्यात आली आणि नाना पेठेतल्या एका दुकानात मला जोडलं. तिथून मला बद्रीनाथरावांनी नेलं. ते हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. दर रविवारी अंगणात पोतं पसरून मला पुसायचे, साखळीला तेल द्यायचे. वर्षातून एकदा दुकानात माझं 'ओव्हरऑइलिंग' होई. त्यांची मुलगी नम्रता लहान होती तेव्हा ते माझ्या नळीला टॉवेल गुंडाळायचे आणि तिला त्यावर बसवायचे. घंटी वाजवण्याचं काम तिचं. रस्ता मोकळा असला तरी ती वाजवायचीच.

घरून कारखान्याकडे जायला दोन रस्ते होते. एक हमरस्ता, ट्रकांचा. दुसरी कालव्याच्या बाजूने शेतांमधून जाणारी वाट, आमची. त्या वाटेवर एका बाभळीखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता. देवळाचा नव्हे, नुसता दगड. तिथे सायकलवरून उतरायचं, मला हातात धरून चार पावलं चालायचं, मग पुन्हा टांग टाकायची, असा सगळ्यांचा रिवाज. बद्रीनाथरावांबरोबर त्यांचे मित्र शमशुद्दीन असायचे. एकाच पाळीत काम, एकाच वाटेने येणंजाणं. तेही उतरायचे.

पुढे शेतं विकली गेली. तिथे 'नक्षत्रवेल' नावाची सोसायटी उभी राहिली. वाटेवर डांबर पडलं, दोन्ही बाजूंना शोभेची झाडं आली आणि टोकाला फाटक बसलं. बाभळीच्या जागी राखणदाराची केबिन आली. पण वाट चालू राहिली. बद्रीनाथराव निवृत्त झाले तरी सोसायटीपलीकडे राहायला गेलेल्या शमशुद्दीनभाईंकडे चहाला रोज जायचे. केबिनपाशी उतरायचे, राखणदाराला हात करायचे, चार पावलं चालायचे, मग टांग. राखणदारही आडवा दांडा वर करून त्यांना नमस्कार करायचा.

मग एके सकाळी फाटकावर फलक दिसला. 'खासगी रस्ता. बाहेरील सायकलींना प्रवेश नाही.' आम्ही हमरस्त्याने गेलो. मागून एक डंपर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच आम्ही कडेच्या खडीत गेलो. बद्रीनाथरावांनी मला उचललं, माझं हँडल सरळ केलं, स्वतःचं कोपर पाहिलंसुद्धा नाही. घरी आणून मला जिन्याखाली ठेवलं. त्यानंतर चहाला जाणं राहिलंच. थंडीत ते आजारी पडले आणि गेले.

दिवसकार्य झालं. नम्रता त्याच घरात राहिली. तिला रडताना मी पाहिलं नाही. ती कपाटं आवरायची, भांडी पुन्हा घासायची, जिन्याखाली येऊन माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहायची आणि निघून जायची. मला वाटायचं, बाई, एकदा तरी घंटी वाजव.

ती वाजली नाजिमा आल्यावर. नाजिमा शमशुद्दीनभाईंची सून, पलीकडून इकडच्या बालवाडीत शिकवायला यायची, तीही सायकलने, आता हमरस्त्यावरून. तिने सहज माझी घंटी वाजवली आणि म्हणाली, "ताई, रविवारी फाटकाच्या जागी भिंत घालतायत. विटासुद्धा येऊन पडल्यात. मग कायमचंच झालं. मला रोज त्या डंपरांच्या बाजूने यायचं म्हणजे दर वेळी सायकल कडेच्या खडीत उतरवून थांबावं लागतं. तुमचे बाबा इतकी वर्षं गेले त्या वाटेने. तुम्ही बोललात तर ऐकतील."

नम्रताने मला बाहेर काढलं. चाकांत हवा नव्हती. ती मला हातात धरूनच सोसायटीच्या कार्यालयापर्यंत घेऊन गेली. सचिव दिग्विजय बाहेर आले. चाळिशीचे, हिंजवडीच्या बसमधून नुकतेच उतरलेले, दमलेले.

"अहो, माझे वडील इथून नेहमी जायचे," नम्रता म्हणाली. "कुणाला कधी त्रास दिला नाही. तुमच्या फाटकापाशी ते कायम सायकलवरून उतरायचे. एवढे शिस्तीचे होते."

मला साखळी आहे तशी जीभ असती तर मी तिला तिथेच थांबवलं असतं.

दिग्विजय म्हणाले, "बरोबर. काका फार सज्जन. मी पाहिलंय ना. उतरायचे, वॉचमनला हात करायचे, मग आत यायचे. म्हणजे परमिशन घेऊनच यायचे की. मॅडम, दिलेली परमिशन काढून घेता येते. हक्क असता तर उतरले असते का?"

"तसं नाही," नम्रता म्हणाली.

"आमच्याकडे दोन चोऱ्या झाल्या. पोरं खेळतात रस्त्यावर. मलाही काही हौस नाही भिंती घालायची. आधीच हप्ते कमी आहेत का?"

घरी न जाता, लांबच्या रस्त्याने, कडेकडेने मला ढकलत ती शमशुद्दीनभाईंकडे गेली. चाचांनी आधी मला पाहिलं, मग तिला.

"हवा भर आधी हिच्यात," ते म्हणाले. "बद्रीने बघितलं असतं तर बोलला असता."

नम्रताने सगळं सांगितलं. "चाचा, मीच वाट बंद केली. बाबांचा चांगुलपणा सांगायला गेले आणि तोच त्यांच्या हातात दिला."

चाचा हसायला लागले. "फाटकासाठी? अगं नमू, फाटक काल आलं. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून उतरतोय. तो म्हसोबासाठी उतरायचा."

"आणि तुम्ही?"

"मी बद्रीसाठी. तो चालणार आणि मी बसून पुढे जाणार, बरं दिसतं का? नंतर सवयच लागली. तो नसला तरी उतरायचो. एकदा उतरलो नाही, तर पुढे जाऊन पंक्चर. बद्रीने आठवडाभर सुनावलं मला."

नम्रताही हसली. बद्रीनाथराव गेल्यानंतर तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग चाचांनी पंप काढला आणि माझ्या चाकांत हवा भरली. जीव आल्यासारखं झालं मला.

रविवारी सकाळी फाटकापाशी गवंडी थापी घेऊन बसला होता. सोसायटीतले काही जण जमले होते. नम्रता माझ्यावरून आली, मागे नाजिमा तिच्या सायकलवर, चाचा रिक्षातून. चाचांनी केबिनच्या मागे बोट दाखवलं. मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या आड, शेंदूर उडालेला दगड होता. त्याच्यापुढे विझलेली अगरबत्ती.

राखणदार संतोष वाशिमकडचा. तो म्हणाला, "मॅडम, अगरबत्ती मी लावतो रोज. कोनाचा देव हाये, मले कोणीच नाही सांगतलं."

"आमच्या वाटेचा," चाचा म्हणाले.

दिग्विजय दगडाजवळ गेले. बोलायच्या आधी त्यांचा एक पाय आपोआप चपलेतून बाहेर आला होता. मग मागच्या लोकांशी हलक्या आवाजात बोलून म्हणाले, "ठीक आहे. भिंत राहू दे. सायकलवाल्यांनी जावं. पण गेटपाशी उतरून, वॉचमनला विचारून."

नाजिमाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती उतरायलाही लागली.

नम्रता म्हणाली, "थांब, नाजिमा." मग दिग्विजयांना, "विचारून नाही जाणार. तुमची मुलं खेळत असतील तर वेग कमी ठेवू, घंटी वाजवू. पण गेटपाशी उतरणार नाही."

"मॅडम, मिळतंय ते घ्या ना. फरक काय पडतो? चार पावलं तर आहेत."

"फरक पडत नसेल तर तुम्हीही आग्रह धरू नका."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. संतोषने दिग्विजयांकडे पाहिलं. दिग्विजयांनी गवंड्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेवटी हाताने 'कर वर' अशी खूण केली.

दांडा वर गेला. नम्रताने पायडलवर जोर दिला. माझं चेनकव्हर खर्र वाजलं. दांडा आमच्या डोक्यावरून गेला आणि ती बसलेलीच होती. पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर, डोळे पुढे. पुढे केबिन आली, तिच्या मागचा कोपरा आला. तिथे ती उतरली. मला हातात धरून चार पावलं चालली, तिच्या वडिलांसारखीच, माझ्या डाव्या बाजूने. मग टांग टाकली. मागे नाजिमाने तसंच केलं. तिच्या मागे चाचा रिक्षातून उतरले आणि चालत आले.

त्या विटा बरेच दिवस तिथेच पडून होत्या. मग संतोषने गवंड्याला गळ घालून त्यांचा म्हसोबाभोवती कट्टा बांधून घेतला. फलक मात्र अजून आहे. तो उतरवायचा विषय म्हणे सभेपुढे आहे. म्हणून नम्रता रोज जाते, काम असो वा नसो, चाचांकडे चहा घेऊन परत येते. मीही आता जिन्याखाली कमी असते.

मित्रांनो, मला तेल लागतं, पुसायला फडकं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाटेलाही काही लागतं. तिला चाक लागतं, पाऊल लागतं. चार दिवस कुणी गेलं नाही की कुणीतरी तिथे फलक लावतो, आणि तो वाचून आपण सवयीने खाली उतरतो. तुमच्या घरी जिन्याखाली, गॅलरीत, गच्चीवर माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिच्यात हवा भरा. आपल्या वाटेने तिला घेऊन जा. जिथे मान द्यायचा तिथे जरूर उतरा. बाकी ठिकाणी बसून राहा, आणि घंटी वाजवा.