मोठा पडदा, बारीक आवाज

मॅटी डर्कननं टोपी काढून काखेत धरली, तो वाकला आणि मोठ्या टीव्हीच्या पाठीला त्यानं कान लावला.

"डॅडी, टीव्ही समोरून बघतात," फिडेल्मा म्हणाली.

"बघतोय कुठे? ऐकतोय."

"मागून?"

"ह्याचं तोंडच मागे आहे." तो कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. "भिंतीशी बोलणार हा. मी काय भिंतीत जाऊन बसू?"

एन्डा लॉफ्टस एरवी गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय साधा बल्बसुद्धा विकत नसे. पण महिन्यापूर्वी फिडेल्माच्या आईची शवपेटी चर्चबाहेर आणताना पुढचा डावा खांदा त्याचा होता. त्यामुळे आज तो डॉक्टरसारखा हळू आवाजात बोलत होता. दुकानातले सगळ्यांत स्वस्त दोन टीव्ही त्यानं शेजारी शेजारी लावून ठेवले होते. दोन्हीवर एकच बाई हवामान सांगत होती. डावीकडे ती ठसठशीत आणि मुकी होती, उजवीकडे फिकट, पण बोलकी.

"मोठा त्रेचाळीस इंची," एन्डा म्हणाला. "चित्र लख्ख. खिडकीतून ऊन आलं तरी दिसणार. आवाज मात्र, खरं सांगतो मॅटी, डब्यात माशी अडकल्यासारखा. हा धाकटा बत्तीस इंची. चित्र बेताचंच, पण स्पीकर पुढे आहेत आणि अंगानं जाड, म्हणून आवाजाला जरा पोट आहे. किमतीत फरक वीस युरोंचा. मॅच बघणाऱ्यानं मोठा न्यावा, बातम्या ऐकणाऱ्यानं धाकटा."

"मग प्रश्नच मिटला," फिडेल्मा म्हणाली. "हे मॅचच बघतात. आणि तीसुद्धा आवाज बंद करून."

ते खरंच होतं. आयर्लंडमधल्या त्यांच्या मेयो परगण्यातल्या निम्म्या घरांसारखंच मॅटी चित्र टीव्हीवर बघे आणि वर्णन गावच्या रेडिओवर ऐके, कारण डब्लिनच्या माणसाला आपल्या संघातल्या पोरांची नावं धड घेता येत नाहीत. रेडिओ चित्राच्या पुढे धावायचा, हाच काय तो त्रास.

"गेल्या वर्षी हे गोल म्हणून ओरडले," फिडेल्मानं एन्डाला सांगितलं, "आणि आई म्हणाली, बसा खाली, अजून त्यानं लाथ मारलेली नाही."

एन्डाला हसू आवरलं नाही. मॅटीच्या गालाचीही एक बाजू हलली. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"धाकटा," तो म्हणाला.

फिडेल्मानं डोळे मिटून घेतले. महिनाभर ती डब्लिनहून ये-जा करत होती. मृत्यूचे दाखले, पेन्शनचं कार्यालय, शेजारणींनी भरून आणलेली भांडी ज्याची त्याला परत, आईचे कोट. काल चर्चमध्ये आईसाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. आज संध्याकाळची आगगाडी धरून उद्या सकाळी तिला वाचनालयात कामावर उभं राहायचं होतं. दोन आठवड्यांपूर्वी जुना टीव्ही बंद पडला आणि तेव्हापासून बाप त्या काळ्या काचेसमोर संध्याकाळपर्यंत बसून असतो, हे तिला शेजारच्यांकडून कळलं होतं. बोलणं त्याचं आधीच कमी. आता दिवसाला दहा वाक्यं. तेवढा टीव्ही सुरू करून दिला की घरात निदान कुणीतरी हलताना दिसेल, एवढीच तिची आशा होती. त्यापुढचा विचार करायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"डॅडी, उजव्या डोळ्यानं तुम्हाला धुरकट दिसतं. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? मोठं असेल ते घ्या."

"मला धाकटा बरा."

"का पण? कारण सांगा एक."

मॅटीनं एन्डाकडे पाहिलं, मग दारातून बाहेर. "तुझं खरं," तो म्हणाला.

ह्या दोन शब्दांत त्याचा होकार कधीच नसे, नुसती माघार असे. ते ऐकलं की आई मुकाट्यानं दोन पावलं मागे यायची. फिडेल्माला हे माहीत होतं. तरी तिनं पाकीट उघडून कार्ड पुढे केलं.

दीड वाजेपर्यंत टीव्ही बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून उभा होता. फिडेल्मा गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर दाबत इंटरनेटचा परवलीचा शब्द भरत होती. पडद्यावर कुठल्यातरी दूरच्या जंगलातला हिरवा बेडूक श्वास घेत होता.

"बघा तरी, डॅडी. पाठीवरचे ठिपकेसुद्धा मोजता येतील."

"बेडकाला चालत असेल तर मोज."

तिनं चहा केला, हॅमचे सँडविच केले. त्यानं अर्धं खाल्लं. तीनला पाच मिनिटं असताना त्यानं घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "चर्च लागतं का ह्यात?"

कोविडच्या साथीत चर्च बंद होतं, तेव्हा वेदीसमोरच्या खांबावर कॅमेरा बसवला होता. तो नंतर काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आता तो रात्रंदिवस चालू असे. परदेशी गेलेली पोरं त्यावर आपल्या माणसांच्या अंत्यविधींना हजर राहत. फिडेल्माच्या भावानंही आईला पर्थमधून तसाच निरोप दिला होता. पण गुरुवारी दुपारी तीन वाजता तिथे काय असणार?

तिनं लावून दिलं. रिकामे बाक, तांबडा दिवा, दगडी फरशीवर खिडकीचा लांबट उजेड. चित्र खरंच सुरेख होतं. थोड्या वेळानं बाजूच्या दारातून दोन बायका बादली आणि फडकी घेऊन आल्या. पुढची कॉन्सेप्टा गॅव्हहन होती. ती आणि आई वीस वर्षं दर गुरुवारी वेदीवरची फुलं बदलायच्या. कॉन्सेप्टाचं तोंड हलत होतं. टीव्हीतून माशीची गुणगुण आली.

मॅटी पुढे वाकला. कानामागे तळवा धरला. मग रिमोट उचलून आवाज वाढवत वाढवत शेवटाला नेला. माशी मोठी झाली, इतकंच.

तो उठला. टीव्हीच्या कडेला गेला, एक हात भिंतीवर टेकला आणि भिंत व टीव्ही ह्यांच्यामधल्या फटीत त्यानं गाल घातला. आता त्याला चित्र दिसत नव्हतं.

चहाचा कप हातात घेऊनच फिडेल्मा त्याच्याकडे वळली. "डॅडी, काय करताय?"

"काही नाही."

"डॅडी."

तो तसाच उभा राहिला. "माईक चालू असतो," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "वेदीवरचा. गुरुवारी सकाळच्या मिस्सेनंतर फादर बंद करायला विसरतात. ह्या बायका काय वाटेल ते बोलतात. त्यांना ठाऊकच नाही."

"आणि तुम्ही ऐकता?"

"कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा काय करत होतो मी? खिळून होतो ह्या खुर्चीला. लावलं सहज. गॅव्हहनचा वळू कुंपण तोडून कुठे गेला, कुणाच्या पोरानं कुणाला टाकलं... बरं वाटायचं. मग तुझी आई बोलायला लागली. माझ्याबद्दल."

फिडेल्मा जवळ आली.

"म्हणाली, करपलेला पाव हा हळूच स्वतःच्या ताटात ओढतो आणि त्याला वाटतं मला दिसत नाही. बेचाळीस वर्षं बघत्येय, म्हणाली. वेदीसमोर उभी राहून. मोठ्यानं."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय म्हणणार? चोरून ऐकलेलं. तिला कळलं असतं तर मेल्याहून मेली असती." स्वतःचाच शब्द कानावर आला तसा त्यानं भिंतीवरचा हात बदलला. "पुढच्या गुरुवारी परत लावलं. मग दर गुरुवारी. आता त्या दोघी तिच्याबद्दल बोलतात कधी कधी. त्या दिवशीही बोलत होत्या, आणि जुना टीव्ही मधेच गेला."

फिडेल्मानं कप खाली ठेवला आणि त्याच्या गाडीची किल्ली उचलली.

"कुठे?"

"दूध आणते."

फ्रिजमध्ये दोन लिटर दूध होतं. तिनंच सकाळी आणलं होतं, त्याच्यादेखत.

चर्च गाडीनं पाच मिनिटांवर. तिथे जाऊन काय करायचं, ते तिलाही नीट ठरवता आलं नव्हतं. बहुतेक कॉन्सेप्टाला विचारायचं होतं, त्या दिवशी आईचं काय सांगत होतात म्हणून. मागच्या बाजूनं ती वेदीमागच्या खोलीत शिरली, तेव्हा कॉन्सेप्टा तिथेच सिंकमध्ये फुलदाणी विसळत होती.

"अगं, फिडेल्मा! गाडी चुकवलीस की काय?"

"अजून वेळ आहे." फिडेल्मानं आवाज खाली आणला. "कॉन्सेप्टा, बाहेरचा माईक चालू आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

कॉन्सेप्टानं नळ बंद केला. ओल्या हातानंच जाऊन वेदीकडचं दार ओढून घेतलं.

"मॅटीनं सांगितलं तुला?"

"म्हणजे तुम्हाला—"

"मीच लावते." तिनं कपाटाशेजारच्या बटणांकडे हनुवटी केली. "फादर कसले विसरतात! तो माणूस विजेचा इतका चिकट की हिवाळ्यातसुद्धा आम्हाला हीटर लावू देत नाही. मिस्सा संपली की आधी हे सगळं बंद."

"पण डॅडी म्हणाले, आईला माहीत नव्हतं."

"त्याला काय कळतंय! तुझी आईच, अट्रॅक्टाच लावायची गं. तो कमरेनं अडकला, तेव्हापासून. एक दिवस घरी विसरलेला चष्मा न्यायला गेली, तर हा चर्च लावून बसलेला. आपण आलो होतो हे तिनं त्याला कळूच दिलं नाही. पुढच्या गुरुवारी येऊन पहिलं हे बटण दाबलं." कॉन्सेप्टानं एप्रनला हात पुसले. "मी म्हटलं, बाई, घरी सांग की त्याला काय ते. तर म्हणाली, तोंडावर चांगलं काही बोललं की हा उठून गाईंकडे जातो. इथून बोललं तर निदान बसून तरी ऐकेल."

कॉन्सेप्टानं फुलदाणी पुन्हा उचलली.

"मीही आपली तिला विचारायची, मोठ्यानं, मॅटी कसा आहे म्हणून. ठरलेलंच होतं आमचं. दवाखान्यात शेवटी म्हणाली, गुरुवारचं तेवढं बघ. म्हणून बघत्येय. पण तो ऐकतोय की नाही, देव जाणे."

"दोन आठवडे टीव्ही बंद होता. आज नवा आणला," फिडेल्मा म्हणाली. "मी चुकीचा आणला. त्यात तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही. भिंतीला चिकटून उभे आहेत ते."

"आत्ता?"

"आत्ता."

कॉन्सेप्टानं फुलदाणीत पाणी घातलं, पांढरी शेवंती तिच्यात खोचली आणि फुलदाणी फिडेल्माच्या हातात दिली.

"वेदीवर नेऊन ठेव. माईकच्या उजव्या अंगाला. फुटापेक्षा जवळ गेलीस तर घरघर होते."

फिडेल्मा दार उघडून पुढे गेली. इथे ती कधी कुजबुजण्यापलीकडे बोलली नव्हती. काल आईच्या मिस्सेत बायबलमधलं वाचन करायची तिची पाळी होती, तेही तिनं दुसऱ्या कुणाला तरी करायला लावलं होतं. समोरच्या खांबावर कॅमेऱ्याचा ठिपका होता. तिकडे न बघता तिनं फुलदाणी ठेवली आणि एकेक देठ सरळ करू लागली.

कॉन्सेप्टा बादली घेऊन पहिल्या बाकाशी आली. दुसरी बाई लांब मागे झाडत होती.

"काय गं फिडेल्मा," कॉन्सेप्टानं विचारलं. आवाज आता वेगळाच होता, पटांगणातून हाक मारल्यासारखा. "निघालीस ना आज?"

"नाही हो." फिडेल्माचा स्वर चिरकला. तिनं पुन्हा सुरुवात केली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "नाही. शनिवारी जाईन. आज एन्डाकडे जायचंय, टीव्ही बदलायला. डॅडी धाकटा घ्या म्हणत होते. त्यांचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही त्यांचं."

"मग सांगितलंस का त्यांना तसं?"

"छे," फिडेल्मा म्हणाली, आणि एक पान खुडून तिनं मुठीत धरलं. "उठून गाईंकडे जातील."