नळीतलं निळं बूच

"गाडी मेली," लियान म्हणाला आणि टोपी काढून छातीशी धरली.

चढ संपतो नेमकी तिथंच मेली होती. दोन महिन्यांत ही सातवी वेळ. माणूस एकदाच मरतो. आमची जीप दर खेपेला मरायची आणि अर्ध्या तासानं चहा घेऊन उठायची. चहा आम्ही घ्यायचो, उठायची ती.

"तापलीया," लियान म्हणाला. "निवू दे जरा. तंवर सुपांगकडं च्या घिऊ."

सुपांगची टपरी पन्नास पावलांवर. लाकूड वाहणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी तिनं आणि तिच्या बापानं घातलेली. लियान तिकडं निघालासुद्धा. मेलेल्या गाडीकडं पाठ करून इतक्या हलक्या पावलांनी चालणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पुढच्या सीटवर सिना रिबुह बसली होती, म्हणजे रिबुहची आई. गावातल्या बायकांचा तांदूळ तिच्या शब्दावर चढतो आणि उतरतो. मागं उघड्या हौद्यात तीस पोती नवा तांदूळ होता, गुडघाभर चिखलात बायकांनी हातानं लावलेला. निघतानाच तिनं मला बजावलं होतं, "ही शेवटची खेप, तागाल. दिस बुडायच्या आत खाली मिरी शहरात गोदामात पोचलास तर पुढचा हंगाम तुझ्या गाडीला. न्हाई पोचलास तर न्गालिनुहचा ट्रक हाय."

आणि आता ती घड्याळाकडं न बघता माझ्याकडं बघत होती.

तशी आमची गाडी रोगट नव्हती. मिरीच्या वाटेवर नऊ वेळा पाणी ओलांडावं लागतं. टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा तिला आत घ्यावी लागते, त्यासाठी टाकीला एक नळी असते. आमची नळी आखूड, चाकाच्या वरच संपणारी. नदीत उतरलो की टाकी हवेऐवजी नदी प्यायची. लियान माझा आतेभाऊ, गाडीत निम्म्याचा भागीदार. त्यानं नळी लांबवून पार टपावर नेली आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलं. काम असं देखणं की शेजारच्या गावची माणसं बघायला आली. मीच चारचौघांत सांगायचो, "टाकीला नाक बसवावं तर आमच्या लियाननं!"

आणि त्यानंतर गाडी मरायला लागली.

आधी मी डिझेलची गाळणी बदलली. मग पंप बदलला. पंपासाठी म्हैस विकली. गिऱ्हाईक लियाननंच आणलं: सुपांगचा बाप. दावं त्याच्या हातात देताना मी दात आवळून उभा होतो आणि लियान हुंदके देत होता. शेवटी म्हशीनंच त्याचा हात चाटून त्याला गप केलं.

नवा पंप घालूनही गाडी त्याच जागी मेली. त्या खेपेला पास्टर सोबत होता. त्यानं इंजिनावर हात ठेवून प्रार्थना केली, तेवढ्यात लियान मागून एक चक्कर मारून आला, आणि गाडी सुरू झाली. रविवारी चर्चमध्ये पास्टरनं ती गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' लियानच म्हणाला.

"डिझेल तरी हाय का बघ," सिना रिबुह म्हणाली.

"लियाननं भरलंय की. त्योच भरतो दर खेपेला. काठी बुडवून, खुणंपतूर."

"म्या तुला बघ म्हणलं. लियानला न्हाई."

मी टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ! टाकीनं श्वास ओढला, डोहाच्या तळातून वर आलेला माणूस ओढतो तसा. सिना रिबुह खाली उतरून बघत होती, ती दोन पावलं मागं सरली.

"ही जित्ती हाय," ती म्हणाली.

चावी फिरवली. दुसऱ्या फिरकीला इंजिन सुरू.

मी नळीचा माग काढत टपावर चढलो. छत्रीच्या मुठीत निळ्या रबराचं बूच. गोल, घट्ट, सुबक कापलेलं. त्यावर अर्धा शंख छापलेला होता. माझी एक निळी चप्पल दोन महिन्यांपासून गायब होती. तिच्यावर शंखच होते.

मग मी सीटमागची लियानची काठी काढली. टाकी जितकी भरलेली तितकी आत हवा कमी, आणि बूच मारल्यावर तितकी ती लवकर गुदमरणार. काठीवर तीन खुणा होत्या. मधल्या खुणेशी चाकूनं चहाचा कप कोरलेला. वाफेसकट.

टपरीवर लियान सुपांगसमोर बसून पानात गुंडाळलेला मऊ भात उलगडत होता. मी बूच त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

त्यानं बुचाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बूच."

"कुणाचं?"

"चपलेचं म्हणशील तर तुझंच."

"म्हैस इकली म्या, लियान!"

"म्या म्हणलं व्हतं, घाई करू नगं."

"दावं धरून रडलास तू!"

"म्हशीसाठी रडलो. मनापासनं रडलो. त्याला खोटं म्हणू नगंस."

टपरीमागं म्हैस रवंथ करत उभी होती. माझा आवाज ऐकून तिनं मान वर केली. मला तिच्याकडं बघवेना.

"आरं, मला सांगायचंस. गाडीला ब्रेक हाय की!"

"तू थांबला असतास? तू म्हणला असतास, तांदळाला उशीर व्हतोय."

हे खरं होतं. त्यामुळंच जास्त लागलं.

"म्हंजी गाडी मरत नव्हती?" सुपांगनं विचारलं. "म्या सात येळा तिच्यासाठी देवाला साकडं घातलं." तिनं लियानच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा पायरीवर ओतला.

"भांडण मिरीत करा," दारातून सिना रिबुह म्हणाली. "बसा गाडीत."

लियानला मागं पोत्यांवर बसवलं. बूच निघालेली जीप सुटली ती सुटलीच. नऊही ठिकाणी पाणी ओलांडलं, टाकीत थेंब गेला नाही. नळीचं काम खरोखरच देखणं होतं, हे मला वाटेत नऊ वेळा कबूल करावं लागलं. गोदामाशी पोचलो तेव्हा ऊन अजून छपरावर होतं.

पोती उतरल्यावर मी सिना रिबुहपुढं उभा राहिलो. "दिस बुडायच्या आत आलो. आता हंगाम माझ्या गाडीला. आन् ह्यो माझ्या गाडीत नगं."

तिनं माझ्या हातातली काठी घेतली आणि तिच्यावरचा कप न्याहाळला.

"हंगाम गाडीलाच हाय," ती म्हणाली. "पर चालवंल लियान."

"ह्यो? आवो, केसानं गळा कापला ह्यानं माझा!"

"ठक हाय त्यो. पर गाडी कुटं मरंल ते पावलापतूर ठाऊक हाय त्याला. म्हंजी कुटं जगंल तेबी ठाऊक असंल. तू सरळ माणूस हायस, तागाल. पर तुझ्या डोक्यावरचं बूच दोन म्हैनं तुला दिसलं न्हाई. तांदळाला सरळ माणूस कशाला? पोचिवणारा पायजे. तू पोत्यांवर बसून त्याच्यावर नजर ठेव."

लियाननं टोपी काढून छातीशी धरली.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या खेपेला तो पुढं आणि मी मागं. पावसाची बुरबुर लागलेली. नळीचं टोक माझ्या कानाशी आलं होतं, टाकी बारीक श्वास घेत होती. मोठा चढ लागला तसा मी टोकावर अंगठा ठेवला. आतून ओढ लागली, दूध पिणाऱ्या रेडकाच्या जिभेसारखी. ठेवला तसाच.

"तागाल!" पुढून सिना रिबुहनं हाक मारली. "पोती भिजत न्हाईत न्हवं?"

"न्हाई, भिजत न्हाईत," मी म्हणालो. अंगठा काढला आणि दोन्ही हातांनी ताडपत्री ओढून धरली.