सहा पाकळ्यांचं गाजर

चिझुरूला ना डोंगर बघायचा होता, ना नदी. तिला एक गाजर बघायचं होतं.

ते गाजर तिला दातांच्या दवाखान्यात सापडलं, एका जुन्या साप्ताहिकात. आडवाटेच्या खानावळींवरच्या लेखात आइझूच्या डोंगरातल्या एका घरगुती खानावळीचं ताट छापलं होतं. शिजवलेल्या भाज्यांवर गाजराचं फूल ठेवलेलं. सगळं जग गाजराचं फूल कापतं ते पाच पाकळ्यांचं. हे सहाचं होतं. सहा पाकळ्या कापणारा एकच माणूस तिला ठाऊक होता, तो म्हणजे तिचा नवरा सेइजी. जेवणाच्या डब्यांच्या दुकानात स्वयंपाकी होता. अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी कामावर म्हणून गेला, तो परतलाच नाही. चिझुरूनं इकडेतिकडे बघून ते पान फाडलं आणि पर्समध्ये कोंबलं.

आता एकाच डब्याची रेल्वेगाडी दरीच्या कडेनं चालली होती आणि सेइजीची धाकटी बहीण फुमिए खिडकीला नाक लावून बसली होती.

"वहिनी, बाहेर बघ तरी! झाडं कशी पेटल्यासारखी लाल झालीयत."

"बघितली."

"कुठे बघितलीस? पर्यटक म्हणून आलोय ना आपण? मग तोंड जरा तसं कर. झडती घ्यायला निघाल्यासारखी बसलीयस."

"झडतीच घ्यायचीय मला."

खानावळीच्या वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं वाळत टांगली होती. फुमिए फोटो काढत राहिली. चिझुरूची नजर गेली ती दारातल्या रबरी बुटांवर. पुरुषाचे होते. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, इसोए नावाच्या. बाई एकट्याच राहतात, असं स्टेशनवर कळलं होतं. मग हे बूट कुणाचे?

"कुठून आलात?" इसोएबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

"कावागुचीहून."

चहाची धार क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"एवढ्या लांबून? बघण्यासारखं काही नाही हो इथे. दोनची गाडी आहे परतीची, ती पकडा."

गिऱ्हाइकाला दारातूनच वाटेला लावणारी खानावळवाली चिझुरूनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. फुमिएनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

जेवण आलं. सोबाच्या शेवया, नदीतला भाजलेला मासा, शिजवलेल्या भाज्या. चव इतकी चांगली होती की चिझुरूला त्या चवीचाही राग आला. भाज्यांवर गाजराचं फूल होतं. तिनं पाकळ्या मोजल्या. सहा.

"दादाच्या हातचं," फुमिए पुटपुटली आणि तिनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

तेवढ्यात इसोएबाई स्वयंपाकघरातून एक छोटं ताट घेऊन निघाल्या. वाटीभर भात, झाकण घातलेलं मिसोचं सार, भाजी. त्या मागच्या खोलीकडे वळल्या. ताटातल्या काड्या चिझुरूनं नेमक्या टिपल्या. काड्यांची टोकं डावीकडे ठेवायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्या ताटात ती उजवीकडे होती. डावखुऱ्या माणसासाठी ठेवतात तशी.

सेइजी डावखुरा होता.

"वहिनी, थांब!" फुमिए म्हणेपर्यंत चिझुरू उठली होती. ती मोजे घातलेल्या पावलांनी बाईंच्या मागोमाग गेली आणि तिनं दार धाडकन सरकवलं.

खोलीत कुणी नव्हतं. एक रिकामी बैठक, तिच्यासमोर ते ताट, आणि ताटापुढे गुडघे टेकून बसलेल्या इसोएबाई.

हे काय आहे ते चिझुरूला कुणी सांगायची गरज नव्हती. परगावी गेलेल्या माणसाची वाटेत उपासमार होऊ नये म्हणून घरी त्याचं ताट वाढतात. मग साराचं झाकण उघडून बघतात. आतून थेंब धरलेले असले, तर माणूस जिवंत आहे. तिनंही वाढलं होतं. तीन वर्षं.

"बायको ना तुम्ही?" बाई मागे न बघता म्हणाल्या. "कावागुची म्हणालात, तेव्हाच शंका आली. न्यायला आलात?"

"कुठे लपवलंय त्याला?"

"लपवायला असायला तर हवा! दोन वर्षं झाली. सकाळी उठून हिवाळ्याची लाकडं फोडली, नीट रचून ठेवली आणि गेला. बूटही तसेच टाकून गेला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही."

"खोटं बोलू नका. गाजर कोण कापतं मग?"

"मी. त्यानंच शिकवलं."

चिझुरूला आता आठवलं, पाकळ्या जाडजूड होत्या. सेइजीच्या पाकळीतून उजेड दिसायचा. मोजण्याच्या नादात तिनं नीट पाहिलंच नव्हतं.

"किती वर्षं होता?"

"आठ."

"आणि तुम्ही कोण त्याच्या?"

बाईंनी सरळच असलेल्या काड्या पुन्हा सरळ केल्या. "गाडीत बसून जे समजून आलात ना, तेच."

चिझुरूला संताप आला. ह्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं तिला खरोखरच वाटलं. अकरा वर्षं पोसलेला संशय खरा निघाला होता, आणि भांडायला समोर होती ती तिच्यासारखीच टाकून दिलेली बाई. इतकी एकटी ती त्या मंगळवारीही पडली नव्हती.

"झाकण उघडा ना," दारात उभी फुमिए रडवेल्या आवाजात म्हणाली.

इसोएबाईंनी झाकण उचलून उताणं केलं. आतून थेंबच थेंब होते.

"आहे गं वहिनी! दादा आहे!"

"गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब येणारच," चिझुरू म्हणाली.

"येणारच," इसोएबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी उकळतं वाढते."

चिझुरू त्या ताटाशेजारी बसली. ती स्वतः सकाळच्या घाईत, सगळ्यांचं झाल्यावर तळाशी उरलेलं कोमट सार वाढायची. एके दिवशी झाकण कोरडं निघालं. तिनं ताट धुऊन माळ्यावर टाकलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, रागानं बंद केलं म्हणून. त्या कोरड्या झाकणाबद्दल ती कुणाला बोलली नव्हती, फुमिएलाही नाही.

बाहेर दोनच्या गाडीची शिटी झाली. कुणीच उठलं नाही.

"सकाळचं ताट किती वाजता वाढता?" चिझुरूनं विचारलं.

"सहाला."

"मला साडेपाचला उठवा. उद्या सार मी उकळते."