चाचपायची पिशवी

तानुबाईनं बालवाडीतल्या पोट्ट्यांना एवढंच सांगितलं होतं, की घरात जे नुसतं पडून आहे, कोणाच्या कामात येत नाही, ते खेळायला घेऊन या. आता काय कामात येतं अन् काय नाही, हे चार वर्षांच्या जीवाला कसं कळावं? पण ही अक्कल तिला मागाहून आली.

तिचाही नाइलाज होता म्हणा. साल चौसष्ट. वरवट बकालला पंचायत समितीनं बालवाडी दिली, एक फळा दिला, एक टेबल दिलं आणि खेळण्यांची पेटी मागून येते म्हणून सांगितलं. वर्ष झालं, पेटी अजून येतेच आहे. आली ती चिठ्ठी. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुख्यसेविकाबाई तपासणीला येणार, आणि खेळणी दिसली नाहीत तर बालवाडी दुसऱ्या गावाला जाणार. पेटी यांनी द्यायची नाही आणि शिक्षा मात्र आपल्याला, हा कुठला न्याय! तानुबाई गावचीच लेक, नवरा वारल्यावर माहेरी आलेली, सातवी पास. त्या पंचवीस पोरांत तिचा जीव गुंतला होता. बालवाडी गेली असती तर दिवसभर भावजयीचं तोंड पाहत बसायचं होतं.

मग बाई लागली कामाला. वाळल्या तुंब्यात तुरीचे दाणे भरून खुळखुळे केले. ओवा, हिंग, मेथी वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून वास ओळखायचा खेळ केला. आणि सगळ्यात झकास म्हणजे गोणपाटाची चाचपायची पिशवी. आत न पाहता हात घालायचा, हाताला लागेल ते चाचपायचं आणि नाव सांगायचं. सरकी, चिंचोका, कवडी, विटकर, पोरं बिनचूक ओळखायची.

बाकीचा माल पोरांनी आणला. पंजाबरावांची नात सुली पितळेचे आठ घुंगरू घेऊन आली. ते बैलाच्या माळेतले आहेत हे तानुबाईला कळलं नाही असं नाही. पण खेळाले शाळा कायले पायजे, म्हणून हेच पंजाबराव पंचायतीत आडवे आले होते. तिनं मुकाट्यानं घुंगरू रिकाम्या डब्यांत घातले, पोळ्याआधी गुपचूप देऊन टाकू म्हणाली, आणि विसरली. कय्यूम पिंजाऱ्याची गुलनार तर बापाचा रुई पिंजायचा लाकडी दस्ताच घेऊन आली. पावसाळ्यात गाद्या कोण भरतं, म्हणून तो खुंटीला लटकलेला होता.

तपासणीच्या दिवशी मुख्यसेविकाबाई जीपमधून उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. सोनेरी टोपणाचं पेन टेबलावर ठेवलं आणि खेळणी दाखवा म्हणाल्या. अर्ध्या तासात बाई पोरांबरोबर सतरंजीवर मांडी घालून हिंग हुंगत होत्या. तानुबाईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दारात पंजाबराव. पोळ्यासाठी बैलाची माळ धुवायला काढली तर निम्मी बोडकी! सुलीनं घरी सगळं सांगून टाकलं होतं. माळ हातात, डोळे लाल, तोंड उघडलेलं. आता हे बाईंसमोर चोरी म्हणणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, हे तानुबाईनं ओळखलं. ती त्यांच्या आधी बोलली.

"बाई, हे पंजाबकाका. आपल्या बैलाचे घुंगरू यायनं पोट्ट्यायसाठी काढून देल्ले."

बाई हात जोडून उठल्या. उद्या पोळा असताना बैलाच्या गळ्यातलं देणारा शेतकरी त्यांनी उभ्या जिल्ह्यात पाहिला नव्हता म्हणे. त्यांनी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. पंजाबरावांनी ओठावरची शिवी तशीच गिळली आणि दिलेल्या खुर्चीवर बसले.

मागोमाग दस्ता शोधत कय्यूम आला. तो हुशार. त्यानं दस्ता पाहिला, पंजाबरावांचा चेहरा पाहिला, आणि कोणी काही विचारायच्या आत आपल्याकडे दुसरा आहे, हा राहू द्या म्हणून टाळ्या घेऊन मोकळा झाला. बाईंना भरून आलं. त्यांनी लहानसं भाषणच ठोकलं. यालाच लोकसहभाग म्हणतात, आणि एकदा पोरांना दिलं ते परत मागायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. पंजाबरावांनी खुर्चीतच चुळबुळ केली.

आता राहिली सही. बाईंनी टेबलाकडे हात नेला तर पेन नाही. टेबलाखाली पाहिलं, पर्स पालथी केली, ड्रायव्हरला जीपमध्ये पाठवलं. बाईंच्या कपाळावर आठ्या परत आल्या. सही नाही तर बालवाडी नाही.

सुलीनं चाचपायची पिशवी उचलली आणि बाईंसमोर धरली.

"हात घाला."

बाईंनी वैतागून हात घातला. चाचपलं. मग हात आतच राहिला.

"माझं पेन," त्या म्हणाल्या.

"कवाचं पडेल होतं टेबलावर," सुली म्हणाली. "कामात नोतं."

तानुबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि पंजाबराव उठले. आज सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"वा बाई! आमी घुंगरू देल्ले, तुमी पेन देल्लं. देल्लं ते वापस कायले मागा लागते?"

पोरांना काय, टाळ्या म्हटलं की टाळ्या. बाई पंजाबरावांकडे पाहत राहिल्या, मग तानुबाईकडे, आणि एकदम पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्यांनी पेन काढलं, सही ठोकली, टोपण लावलं आणि पेन आपल्या हातानं पिशवीत टाकलं.

टाळ्या वाजवता वाजवता पंजाबरावांच्या ध्यानात आलं, की आता आपले घुंगरूही गेले. पण बोलून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्यांचा बैल बोडक्या माळेनं उभा राहिला, आणि त्याच्यापुढे बालवाडीची आठ पोरं डबे खुळखुळवत चालली, सगळ्यात पुढे सुली. एवढा आवाज गावातल्या एकाही जोडीचा नव्हता. लोकांनी विचारलं तर पंजाबराव छाती काढून सांगत होते, घुंगरू म्यानंच देल्ले. तानुबाई वेशीपाशी उभी राहून मान डोलवत होती.