धारेची बाजू

फिटरकाकांच्या फाटकासमोर परदेशी मोटारसायकल लावायची नाही, हे गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पाटी वगैरे काही नव्हती, काकांचं तोंड हीच पाटी. कुणी लावलीच तर ते बनियनवर बाहेर यायचे, गाडीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, आणि गाडीवाल्याला विचारायचे की बाबा रे, हिचा एखादा नट पडला तर तो आणायला विमानाने जाणार का. माणूस ओशाळं हसायचा आणि गाडी चार घरं पुढे न्यायचा.

आता एवढा ताठा कशाचा, तर एकतीस वर्षं देशी मोटारसायकलच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडण्यात घालवलेली. घरची निळी गाडी त्याच कारखान्यातली, सव्वीस वर्षांची, अजून एका किकमध्ये सुरू. गिअरच्या दांड्यावर एक पोलादी कडं बसतं, साधारण अंगठीएवढं. त्याला लॉक म्हणतात. ते खाचेत बसलं की गिअर जागचा हलत नाही. काका हे लॉक न बघता बसवायचे. पक्कड हातात, मान भलतीकडे, गप्पा चालू, आणि 'टक्' असा आवाज आला की झालं. डोळे घड्याळाकडे ठेवावेत, लॉक कानाने बसतं, असं ते नव्या पोरांना सांगायचे. नवी पोरं तोंडात बोट घालायची.

त्या कारखान्यातल्या फिटरांची आपसातली एक रीत होती. जोडलेल्या कामावर आतून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, प्रत्येकाने आपला ठसा मारायचा. तक्रार परत आली तर कुणाचं काम ते कळावं म्हणून. साहेबांना याचा पत्ता नव्हता. काकांचा ठसा होता चिमणीचा पाय, तीन रेघा पुढे आणि एक मागे. लेक चार वर्षांची असताना तिने खिळ्याने त्यांच्या डब्यावर तो ओरखडला होता. आधी काकांनी तिला रागावलं, आणि दुसऱ्याच दिवशी जुनी कानस घासून तस्साच ठसा बनवला. तेव्हापासून तिचं नाव चिमणी पडलं.

हीच चिमणी मोठी झाली, निळ्या गाडीवर बापाच्या पुढ्यात बसून क्लच दाबायला शिकली, आणि लग्न केलं ते जुन्या परदेशी मोटारसायकली विकणाऱ्याशी. काका म्हणाले, मुलगा सोन्यासारखा आहे, धंदा तेवढा वाईट आहे. तेही त्यांनी गिळलं. पण आठ महिन्यांपूर्वी चिमणीने नवऱ्याच्या दुकानातली एक काळी परदेशी गाडी स्वतःसाठी घेतली, तिच्यावर बसून माहेरी आली आणि नेमकी फाटकासमोर लावली. काका बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, आत गेले आणि कडी लावली. काकूंनी मागच्या दाराने लेकीला आत घेतलं. त्या दिवसापासून बापलेकीत जे काही बोलणं व्हायचं ते काकूंमार्फत, तेही एकाच खोलीत बसून.

आणि मग गेल्या महिन्यात पुलाच्या उतारावर त्या काळ्या गाडीचं मागचं चाक धावता धावता जागच्या जागी आवळलं. चिमणी फेकली गेली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला आणि चाक तिच्या डोक्यापासून वीतभरावर थांबलं. खांद्याचं हाड मोडलं, त्यावर निभावलं. काका दवाखान्यात पोचले. सात महिन्यांचा अबोला कुठल्या कुठे गेला. ते तिच्या पायाशी बसले आणि पायाची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत राहिले.

पण पोरगी कुणाची? गळ्यात हात बांधलेला, आणि म्हणते काय, गाडीत काही दोष नाही, माझाच गिअर चुकला असेल, हाड जुळलं की हीच गाडी चालवणार. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा गिअर चुकणं शक्य नव्हतं, तिला शिकवलं होतं कुणी? त्यांनी सरळ सांगितलं की गाडी इथे आण, मी उघडतो, सगळ्यांसमोर. बनवणाऱ्याचा दोष निघाला तर तिने त्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, निळी घेऊन जायची. नाही निघाला तर काका जन्मात परदेशी गाडीबद्दल एक अक्षर काढणार नाहीत. चिमणी कबूल झाली. काकांना जिंकायचं होतं ते हट्टासाठी नव्हे. तो ट्रक त्यांना रोज दिसत होता.

रविवारी सकाळी काळी गाडी टेम्पोतून आली. अंगणात जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर पाने ओळीने मांडलेले. एका बाजूला जावई, हात मागे बांधून, शाळेत शिक्षेला उभं केल्यासारखा. खुर्चीवर चिमणी. उंबऱ्यात काकू. आणि चिमणीच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपमधले दातांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे हीच गाडी होती, याच कंपनीची, याच मॉडेलची, फक्त लाल. त्यांनी ती नियमाप्रमाणे चार घरं पुढे लावली होती.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गाडीला हात लावला. चष्मा घातला नाही. चिमणीने दिलेला चष्मा लेंग्याच्या खिशात होता, तीन वर्षं तिथेच होता. क्लच काढता काढता त्यांचं तोंड चालूच. बघा, म्हणाले, आता बघा तिकडचं काम. नाव मोठं, रंग चकचकीत आणि आत सगळा भोंगळ कारभार. "ज्या आंधळ्याने हे जोडलंय ना," ते जावयाला म्हणाले, "तो समोर आला तर मी त्याला दोन ठेवून देईन. माझी पोर मेली असती."

जावयाने मान डोलावली. बोलणार काय, त्याचंही तेच म्हणणं होतं.

या गाडीचा गिअरबॉक्स एका ॲल्युमिनियमच्या प्लेटीवर बसवलेला होता. प्लेट ओढली की दांडे आणि गिअर सगळं एकत्र बाहेर येतं. काकांनी प्लेट ओढली, मांडीवर घेतली आणि अंधारात हात फिरवावा तसा अंगठा फिरवला. दोष तर लगेच सापडला. तिसऱ्या गिअरचं लॉक खाचेतून वर चढलं होतं. गिअर सरकला, दोन गिअर एकदम अडकले, चाक आवळलं. काका विजयाने मान वर करणार, तेवढ्यात प्लेटीच्या आतल्या बाजूला अंगठ्याला काहीतरी लागलं.

तीन रेघा पुढे. एक मागे.

त्यांनी अंगठा उचलला आणि पुन्हा ठेवला. छे, ओरखडा असेल. पण ज्या अंगठ्याने हजारो वेळा तो ठसा चाचपला, तो अंगठा फसतोय होय? मांडीवरची प्लेट त्यांनी आत्ता कुठे नीट बघितली, आणि अरे देवा, ही तर ओळखीची होती. कारखान्यातल्या शेवटच्या चार वर्षांत त्यांना एका वेगळ्या खोलीत, नव्या मॉडेलच्या कामावर बसवलं होतं. अशीच प्लेट, असेच दांडे. जोडायचं, तेलकट कागदात गुंडाळायचं, पेटीत ठेवायचं. पेटीवर नुसता नंबर, नाव नाही. ते मॉडेल बाजारात कधी आलंच नाही. साहेब म्हणाले, रद्द झालं. आपल्या हातचं सगळ्यात देखणं काम भंगारात गेलं म्हणून काका तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.

भंगारात कुठलं, समुद्रापार गेलं होतं. तिकडे त्याला रंग लागला, नाव लागलं, आणि ते परत येऊन चार घरं पुढे उभं राहिलं होतं. आणि हे इकडे फाटकात उभे राहून त्यालाच शिव्या घालत होते, वर्षानुवर्षं.

पण हे तर काहीच नव्हतं. काकांनी लॉकवर नख फिरवलं. लॉक उलटं बसलेलं होतं. जुन्या देशी गाडीचं लॉक तारेचं, गोल, कसंही बसवा, सारखंच. या नव्या लॉकला बाजू होती. एका बाजूची कड गोलसर, दुसरीची धारदार. धार बाहेर हवी, म्हणजे गिअरने कितीही रेटलं तरी ती खाचेला धरून ठेवते. गोल बाजू बाहेर आली की लॉक हळूहळू वर चढतं. पन्नास दिवसांत चढेल नाहीतर पाच वर्षांत. त्या खोलीच्या भिंतीवर हे चित्रासकट लावलेलं होतं. सुपरवायझर दोनदा म्हणाला होता, काका, चष्मा घाला, बाजू बघून बसवा. काका हसले होते. सत्तावीस वर्षं लॉक बसवलेल्या माणसाला चित्र दाखवतो? लॉक उलटं असो की सुलटं, टक् तर वाजतंच.

दोन्हीकडून टक् वाजतं. हे त्यांना आज कळलं.

"काय निघालं, बाबा?" चिमणीने विचारलं.

अंगठा ठशावरच होता. तो तिथेच ठेवायचा, दुसऱ्या हाताने चढलेलं लॉक दाखवायचं, म्हणायचं की बघ, बनवणाऱ्याचा दोष. खोटं एक अक्षर नाही. पैज जिंकली, पोर वाचली, निळी गाडी तिच्या दारात. ठसा घासून टाकायला कानशीचे चार हात पुरे. काकांनी लॉक दाखवलं, आणि जसं ठरवलं होतं तसंच म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाही दुसऱ्या कुणाचा वाटला. चिमणीचा चेहरा पडला. तिने मान हलवली, म्हणाली ठीक आहे, हरले मी. डॉक्टरांनीही वाकून बघितलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आमची लाल मात्र लोण्यासारखी चालते हो म्हणाले, आणि दवाखान्यात पेशंट थांबलाय म्हणून निघाले.

काका प्लेट मांडीवर घेऊन बसलेले. चार घरं पुढून लाल गाडीचा स्टार्टर वाजला. पुलाचा उतार दवाखान्याच्याच वाटेवर होता.

काका उठले ते प्लेटीसकट. पाने विखुरले, एक चप्पल अंगणातच राहिली. साठी ओलांडलेला माणूस बनियनवर गल्लीतून धावतोय, हे गल्लीने कधी बघितलं नव्हतं. लाल गाडीच्या पुढच्या चाकासमोर ते दोन्ही पाय फाकवून उभे राहिले. डॉक्टरांना वाटलं गाडी लावण्यावरूनच काही, ते घाईघाईने म्हणाले, काका, मी चार घरं पुढेच लावली होती हो. काकांनी हात पुढे करून चावी फिरवली, काढली आणि मुठीत घट्ट धरली. दम लागल्यामुळे त्यांना बोलता येईना.

तोवर जावई आणि मागोमाग चिमणी येऊन पोचली. काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि मघाशी जे गिळलं होतं ते वर आलं.

"मी बसवलंय हे," ते म्हणाले. "तुझ्या गाडीतलं लॉक. मी. न बघता."

कुणाला काही उमजेना. जावई म्हणाला, अहो, ही गाडी तिकडची, तुम्ही कसं बसवाल? काकांनी प्लेट चिमणीपुढे धरली, तिचा चांगला हात घेतला आणि अंगठा त्या जागी ठेवला. ती आधी नुसतीच बघत राहिली. मग तिचा अंगठा हलला, तीन रेघांवरून पुढे, एकीवरून मागे. तिचं तोंड उघडं पडलं. तिने बापाकडे बघितलं ते असं, की काकांना ट्रकखाली आपणच गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"अशा किती, बाबा?"

"दिवसाला चाळीस. चार वर्षं." काकांनी घसा साफ केला. "अर्ध्या सुलट्या बसल्या असतील. कुठल्या ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टर गाडीवरून असे उतरले, जसं काही सीट तापली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचीच दातखीळ बसली. जावयाने फोन बाहेर काढला. हे मॉडेल त्याच्या दुकानातून अकरा लोकांनी नेलं होतं, आणि त्यातला एक तर बायकोला मागे बसवून रोज पुलावरून जायचा. जावयाने आधी त्याचाच नंबर लावला. फोन लागला, तो माणूस घरीच होता, गाडी धूत होता.

जावई एकेकाला फोन करत होता, गाडी हलवू नका, मी टेम्पो पाठवतो. कुठल्या फिटरकडे पाठवू, असं कुणीतरी विचारलं असावं, कारण तो थांबला आणि सासऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने काकांच्याच घराचा पत्ता दिला. कंपनीलाही कळवावं लागेल, तो हळूच म्हणाला. काका म्हणाले, नावासकट कळवा, ठशाचं चित्र मी काढून देतो.

लाल गाडी त्यांनी स्वतः ढकलत आणली आणि फाटकासमोर लावली. दुसरीकडे न्यायचं बळच उरलं नव्हतं. चादरीवर मांडी घातली, पक्कड उचलली. काळ्या गाडीची प्लेट मांडीवर घेतली आणि चढलेलं लॉक ओढून काढलं. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

चिमणी समोर येऊन खाली बसली. तिने डावा हात बापाच्या खिशात घातला, चष्म्याचं घर काढलं, दातांनी उघडलं, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि एकेक काडी कानामागे नीट बसवली.

"त्या आंधळ्याला दोन ठेवून द्यायच्या होत्या ना," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि काचेतून काहीच दिसत नव्हतं. "दे तू. तुझा हक्क आहे."

"आधी अकरा गाड्या होऊ देत," चिमणी म्हणाली. "धारेची बाजू कुठली, ते मला दाखवा. प्रत्येक लॉक मी बघणार, मगच झाकण लागणार."

काकांनी लॉक उजेडात धरलं आणि तिला धार दाखवली.