मनूची जीभ

लालबागला माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे आणि आता तो मी चालवते. माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. फोटोत कुणी मान वाकडी केली की माझं डोकं फिरतं. भलेभले माझ्यापुढे मुकाट्याने सरळ बसतात. एकच माणूस काही केल्या माझ्या हाताला लागला नाही, परबांची मनू.

परब कुटुंब दर दिवाळी पाडव्याला नवे कपडे घालून यायचं. मध्ये खुर्चीवर जयवंत आजोबा, गिरणीतून निवृत्त झालेले, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. मागे त्यांचा मुलगा राजेश आणि सून सुचित्रा. आजोबांच्या गुडघ्याशी नात मनू. मी "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि तीनला मनूची जीभ बाहेर यायची. मग मी हुशारी केली, दोनलाच बटण दाबलं. पुढच्या पाडव्याला तिने एकलाच जीभ काढली. मी तिच्यावर खेकसले, तर म्हणते, "अनुजाताई, तुम्ही चिडलात की मस्त दिसता. तुमचाच फोटो काढूया." मला हसू आवरेना. चांगला तापलेला राग फुकट गेला.

मग तिला कॅन्सर झाला. परळच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले. त्या पाडव्याला हे लोक काही येत नाहीत असं मी धरून चालले होते. पण आले, आणि सगळ्यांच्या पुढे मनू. मी हळूच सुचित्राला विचारलं, टोपी घालायची का? मनूचे कान तिखट.

"टोपी नको. टक्कल चमकतंय, पावडर लावा."

नवऱ्या मुलींच्या नाकाला लावते तीच पावडर मी तिच्या डोक्याला लावली. तिने पफ माझ्या हातातून ओढून घेतला आणि आजोबांच्या टकलावरही थापला. आजोबा हू की चू न करता बसून राहिले. दोन भुरकी टकलं शेजारी शेजारी, आणि एकला जीभ बाहेर. इतके हसलो आम्ही त्या दिवशी की बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावून गेली.

श्रावणात मनू गेली. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवाळीला परबांकडे सण नव्हता. पाडव्याला माझी खुर्ची नुसतीच मांडलेली राहिली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आजोबा आणि सुचित्रा स्टुडिओत आले. भिंतीवर लावायला मनूचा फोटो हवा होता.

"माका सरळ फोटो व्हयो," आजोबा म्हणाले. "हार घालूचो आसा. जीभ काढलेलो फोटो भिंतीर लावलो तर लोक काय म्हणतीत?"

सरळ फोटो माझ्याकडे एकही नव्हता. मग मी कॉम्प्युटरवर बसले. शेवटच्या फोटोतली जीभ पुसली, ओठ मिटवले, जुन्या फोटोतले केस आणून डोक्यावर बसवले. काम सुरेख जमलं, मी स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी मोठी प्रिंट काढून दोघांसमोर ठेवली. सुचित्रा बघत राहिली. आजोबांनी चष्मा पुसला, परत लावला.

"ह्यां कोणाचां चेडू?" त्यांनी विचारलं.

एरवी मी भडकलेच असते. पण म्हातारा खरं बोलत होता. इतकी शहाणी मुलगी त्यांच्या घरात कधी नव्हतीच. मी प्रिंट पालथी घातली आणि एकेक पाडवा उघडत गेले. जीभ, जीभ, पुढचे दात पडले होते तेव्हा फटीतून आलेली जीभ. पावडरचा फोटो आला आणि सुचित्राला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, रडता रडता परत हसायला लागली.

"बाबा, हाच लावूया," ती म्हणाली. "ही आपली मनू."

आजोबा आता परत लोकांचं नाव काढणार म्हणून मी भांडायची तयारीच करून ठेवली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"हार लांब घेऊक व्हयो," ते म्हणाले. "जिभेर येवक नाय व्हयो."

आता तो फोटो परबांच्या खोलीत दारासमोरच आहे. राजेश दादरहून पार खाली लोंबणारा हार आणतो. आलेला माणूस आधी हात जोडतो आणि मग हसतो. त्या घराला हे आवडतं. मलाही.

या पाडव्याला ते सगळे परत आले. राजेश आणि सुचित्रा मागे उभे राहिले, आजोबा खुर्चीत ताठ. त्यांच्या गुडघ्याशी जागा तशीच मोकळी होती. जवळ सरका, असं मी कुणाला म्हटलं नाही. मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि कसंबसं "एक" म्हटलं.

आजोबांनी जीभ काढली.