अकारविल्हे

"हे घे आईचं पाकीट," म्हणत बाबांनी माझ्यासमोर आईची तपकिरी पर्स ठेवली. आत बसची दोन जुनी तिकिटं, एक सेफ्टी पिन, खोकल्याच्या गोळ्या आणि माझा शाळेतला फोटो.

"हे नाही हो बाबा. कॉम्प्युटरमधलं पाकीट. ज्यात तिची नाणी असतात ना, ते."

"कॉम्प्युटरमधली नाणी." बाबा हळूच खुर्चीत बसले. "तीही असंच बोलायची. मी म्हणायचो, एक वाजवून दाखव."

आई जाऊन अठरा दिवस झाले होते. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. तिचा फोन दवाखान्यातच कुठेतरी गहाळ झाला. त्या फोनवरच तिचं पाकीट होतं, आणि ते दुसऱ्या फोनवर उघडायचं तर चोवीस इंग्रजी शब्द लागणार होते. सगळे शब्द हवेत आणि पाकीट उघडताना ज्या क्रमाने मिळाले त्याच क्रमाने हवेत.

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शेकडो नंबर तिला तोंडपाठ. प्रत्येक नंबराची ती एक गोष्ट करून ठेवायची. दोन बहिणी, सात भांडी, अक्कल शून्य, की लागला दोनशे सत्तर. मग आपोआप नंबर जोडणारं यंत्र आलं आणि तिच्यासारख्या ऑपरेटर बायकांना फायलींच्या खोलीत नेऊन बसवलं. आई तिथे निवृत्तीपर्यंत बसली, पण तो अपमान काही विसरली नाही.

म्हणून पासष्टाव्या वर्षी तिने हे खूळ घेतलं. प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारं यंत्र, पण कोणा एका कंपनीचं नाही. ठिकठिकाणचे लोक आपापले कॉम्प्युटर त्या जाळ्याला जोडतात, सगळे मिळून यंत्राला शिकवतात आणि मोबदल्यात नाणी मिळवतात. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्याने नाणी विकत घ्यायची. आईने निवृत्तीच्या पैशातला आपला वाटा त्यात घातला.

"मागच्या वेळी यंत्र आलं आणि मला खुर्चीवरून उठवलं," ती मला म्हणाली होती. "या वेळी मी आधीच जाऊन खुर्ची धरून ठेवणार. ती खुर्ची तुझी बरं का. तू कुठवर दुसऱ्याच्या दुकानात लोकांच्या कवळ्या घासत बसणार?"

मी चाळीस वर्षांची आहे. स्वतःच्या कवळ्यांच्या कारखान्याचं स्वप्न मी आईशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

"बाबा, तिने शब्द कुठेतरी लिहून ठेवले असतील. आठवा ना जरा."

"इंग्रजी शब्द? थांब." बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते उठून कपाटाकडे गेले.

बाबा सार्वजनिक ग्रंथालयात होते, कार्डांच्या विभागात. चौतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं अकारविल्हे लावली. तिथेही कॉम्प्युटर आला, तेव्हा रद्दीत निघालेली कार्डं ते खोकी भरभरून घरी घेऊन आले. आमच्या घरी वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, माझी शाळेतली गैरहजेरीची चिठ्ठी, सगळं त्या कार्डांच्या पाठीवर. हाताची सवय मात्र सुटली नाही. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा अकारविल्हे. आई म्हणायची, "साखर काढायची तर आधी बाराखडी म्हणावी लागते या घरात." तिने त्यांचं नावच ठेवलं होतं. "अहो अकारविल्हे, चहा निवतोय."

बाबांनी टेबलावर एक गठ्ठा ठेवला. चोवीस कार्डं. प्रत्येकावर आईच्या टपोऱ्या अक्षरात एकेक शब्द.

मला रडू फुटलं, आनंदानेच. मी पहिलं कार्ड पाहिलं. ॲपल. दुसरं, ब्रेड. तिसरं, ब्रिज. मग डॉक्टर. मी पटापट शेवटपर्यंत गेले. शेवटचं झेब्रा.

"बाबा, हे असे कोणी लावले?"

"मीच!" बाबा म्हणाले. "तिच्या शिवणाच्या डब्यात होते. वरचं रबर तुटलेलं, सगळा नुसता गोंधळ. ती गेली त्या आठवड्यात मला काही सुचेना, हाताला काहीतरी काम हवं होतं. नीट लावून ठेवले. बघ, एकसुद्धा चुकलेला नाही."

मी झेब्राचं कार्ड खाली ठेवलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, आणि चौतीस वर्षं कार्डं लावणाऱ्या माणसाला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"क्रम होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग नंबर का नाही घातले तिने?"

ते मला ठाऊक होतं. नंबर घातले तर चोराचं फावेल, असं ती म्हणायची. क्रम तिने गोष्टीत ठेवला होता.

माझ्या ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, चोवीस शब्द उलटसुलट लावून बघायला जगातले सगळे कॉम्प्युटर आयुष्यभर बसवले तरी भागणार नाही. पण सुरुवातीचे बारा क्रमाने सांगता आले, तर उरलेले बारा मी मशीनकडून लावून घेतो. बारा आणा, ताई.

"बारा ना?" बाबा म्हणाले. "सांगतो. मला सांगितली होती तिने गोष्ट. संध्याकाळी भांडी पुसताना सांगायची, कितीदा तरी."

त्यांनी कार्डं पसरली. डोळे मिटले. "एक नदी होती." रिव्हरचं कार्ड पुढे आलं. "नदीत शिडी उभी. शिडीवर काका चढलेला. काकाच्या डोक्यावर छत्री. छत्रीवर..." ते हसले. "छत्रीवर कासव बसलेलं. मी म्हटलं होतं, अगं, कासव चढलं कसं?"

"मग?"

"ती म्हणाली, शिडीनेच चढलं. मग ते कासव स्वयंपाकघरात गेलं."

सहा कार्डं ओळीत लागली. नदी, शिडी, काका, छत्री, कासव, स्वयंपाकघर.

"स्वयंपाकघरात गेलं आणि..." बाबा थांबले. त्यांचा हात ब्रेडच्या कार्डावर गेला, तिथून खिडकीच्या कार्डावर, तिथून परत आला. नळ ठिबकत होता. तो दुरुस्त करा म्हणून आई दोन महिने मागे लागली होती.

"बाबा, असू दे. उद्या आठवेल."

"नाही आठवणार," ते म्हणाले. "आठवायला आधी ऐकावं लागतं. ती सांगायची आणि मी पेपर वाचत 'हं' म्हणायचो. कासवापर्यंत ऐकलं, कारण कासवाचं हसू आलं. पुढे नुसतं हं, हं. संसारभर मी तेच केलं गं. तिला वाटायचं मी ऐकतोय."

त्यांच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. मलाही ती फोनवर म्हणाली होती, "एक गंमत सांगते, लिहून नको घेऊस, नुसती ऐक." माझ्या हातात कवळी होती, मशीन सुरू होतं. मी म्हटलं, रविवारी सांग. असे कितीतरी रविवार मी तिला दिले आणि एकही पाळला नाही.

चार दिवस आम्ही बसलो. बाबांनी भांडी पुसून पाहिली, पेपर हातात धरून पाहिला, आईच्या जागेवर मला उभं केलं. सहाचे सात झाले नाहीत. पाकिटात नाणी आहेत एवढं इंटरनेटवर कोणालाही बघता येत होतं. ग्रंथालयातल्या कुलूपबंद काचेच्या कपाटातली पुस्तकं दिसतात तसं.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "जाऊ द्या बाबा. कारखाना काही पळून जात नाही. पैशांचा विचार सोडा."

"पैशांचं नाही गं," बाबा म्हणाले. "पुढे काय झालं ते मला हवंय."

सकाळी माझी बॅग भरून झाली. चहा टाकायला गेले, तर डबे अकारविल्हे नव्हते. साखर शेगडीच्या उजव्या हाताला, चहापत्ती तिच्याशेजारी, जिथे आईचा हात पोचेल तिथे. मी कप घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारात आले आणि तिथेच थांबले.

बाबा टेबलाशी बसले होते. घडी न मोडलेला पेपर बाजूला पडला होता. समोर सहा कार्डं ओळीत आणि उरलेल्या अठरांचा गठ्ठा पालथा. टेबलापलीकडची खुर्ची त्यांनी जराशी ओढून घेतली होती, कोणी बसणार असल्यासारखी.

त्यांनी स्वयंपाकघराच्या कार्डावर बोट ठेवलं आणि त्या खुर्चीकडे बघत विचारलं, "मग?"